रिकव्हरी किटचा रिव्ह्यू: सिस्सूचा बर्फ आणि आपली काळी माती, दोन्हीकडं वापरून

भावांनो, आधी निकाल सांगतो मग कारणं. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका ॲक्सेसरीजच्या दुकानातून जो रिकव्हरी किट, म्हणजे रुतलेली गाडी बाहेर काढायचं सामान, घेतला त्यातले ट्रॅक्शन बोर्ड (चाकाखाली घालायच्या दातेरी पट्ट्या) नाद खुळा, दोरी पण तशीच, शॅकल (दोरी गाडीच्या हुकला अडकवायच्या कड्या) चांगले, हवा भरायचा कंप्रेसर ठीकठाक आणि फावडं एकदम टाकाऊ. आणि बर्फात गाडी रुतली की सगळ्यात जास्त काम पडतंय ते फावड्यालाच. बोर्ड आणि दोरीचं काम शेवटच्या दोन मिनिटांचं, त्याच्या आधीचा सगळा वेळ खणण्यात जातो, आणि हे किट विकताना कुणी सांगत नाही म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. तिकडं हिमाचलात लाहौल स्पीतीला, जिथं हे सिस्सू आहे, गाडी घेऊन जाणारी आपल्याकडची पोरं आता लई वाढलीत, त्यातल्या एकाला जरी उपयोग झाला तरी बास.

किटमध्ये येतं काय, तर नायलॉनचे दोन बोर्ड, २२ मिमी जाडीची ९ मीटर लांब कायनेटिक (ताणली जाणारी) दोरी, दोन सॉफ्ट शॅकल (दोरीचेच विणलेले), दोन लोखंडी बो शॅकल, हातमोजे, घडीचं फावडं, १२ व्होल्टचा कंप्रेसर आणि सगळं कोंबायला बॅग. वीस-बावीस हजारांत पडलं. ऑनलाईन यापेक्षा स्वस्त मिळतं पण तिथं बोर्ड कशाचे आहेत तेच लिहिलेलं नसतं आणि थंडीत साधं प्लास्टिक कडक होऊन तडकतं, त्यामुळं नायलॉनचेच आहेत याची खात्री करून घ्या, त्यात दोन पैसे वाचवू नका.

दुकानाबद्दल चांगलंच सांगणार. मी गेल्या गेल्या दोरी दाखवा म्हटलं तर मालक म्हणाले, "दोरी कुठं पळून जात नाही दादा, गाडी दाखवा आधी." बाहेर आले, माझ्या फोर बाय फोर थारच्या पुढच्या-मागच्या हुकला हात घालून बघितलं, ते चॅसिसला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, बोल्ट केलेले आहेत, मग म्हणाले आता दोरी घ्या. माझ्या मित्राची गाडी पण सोबत होती, फ्रंट व्हील ड्राइव्ह एसयूव्ही, तिच्या बंपरवरची छोटी टोपी काढून टूलकिटमधला रिंगचा बोल्ट पिळून बघितला, आटे साफ आहेत का, पूर्ण आत जातोय का, सगळं. काही गाड्यांना हे आटे उलटे असतात, ते घरीच बघून ठेवायचं, बर्फात बधिर बोटांनी नाही. आणि मित्राला सरळ सांगितलं की हा हुक गाडी हळू ओढायला, फ्लॅटबेडवर चढवायला दिलेला असतो, झटका खायला नाही, याला कायनेटिक दोरीचा हिसका द्यायचा नाही म्हणजे नाही, आणि ओढायचं ते सरळ रेषेत, तिरकं ओढलं की बोल्ट वाकणार. गिऱ्हाईक समोर उभं असताना हे वापरू नका असं सांगणारा दुकानदार मला फार आवडतो.

जाड दोरी मागितली तरी दिली नाही. कारण पण सांगितलं. कायनेटिक दोरी ताणली जाऊन काम करते, साधारण ३० टक्क्यांपर्यंत लांबते आणि ती साठलेली ताकद अडकलेल्या गाडीला हळूच पण जोरात पुढं काढते. ट्रकच्या मापाची दोरी दोन टनाच्या गाडीला लावली तर ती ताणतच नाही, मग ती आणि लोखंडी साखळी सारखीच.

आता बर्फाचं. मार्चमध्ये दोन्ही गाड्या घेऊन मनाली आणि तिथून अटल टनेलनं सिस्सूला गेलो. कोल्हापूरपासून दोन हजार किलोमीटरच्या वर अंतर आहे हे. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये टनेल सुरू झाला तेव्हापासून लाहौलला हिवाळ्यात पण जाता येतंय, नाहीतर आधी ३९७८ मीटरवरचा रोहतांग घाट बंद झाला की तिकडची माणसं महिनोन् महिने अडकूनच. ९.०२ किलोमीटरचा टनेल आहे आणि अलीकडं ऊन, पलीकडं बर्फ पडतोय असं सर्रास होतं, त्यामुळं मनालीतलं हवामान बघून निघायचं नाही. बर्फ पडला की पोलीस सोलंगच्या अलीकडंच गाड्या थांबवतात, फोर बाय फोर नसेल तर चाकाला चेन लागते. मित्रानं चेन तिकडंच भाड्यानं घेतली होती, टायरवर लिहिलेलं माप वाचून घ्यायची, अंदाजानं नाही, आणि फ्रंट व्हील ड्राइव्हला पुढच्याच चाकांना लावायची. डांबर लागलं की काढायची, नाहीतर टायर पण खराब आणि रस्ता पण.

सिस्सूत वरच्या अंगाला होमस्टेकडं जाताना समोरनं पिकअप आला. तिथं रस्ता एका गाडीपुरता. चेन खाली मेन रोडला काढून ठेवलेल्या होत्या कारण तिथं रस्ता साफ होता. मित्रानं जागा द्यायला डावीकडं घेतली आणि रस्ता साफ करताना कडेला लोटलेल्या बर्फात गाडीची डावी बाजू बसली. हा लोटलेला बर्फ वरनं टणक दिसतो, पाय ठेवला तर माणसाचं वजन पण पेलतो, गाडीचं नाही. पुढचं डावं चाक आत गेलं आणि गाडी पोटावर टेकली.

ही पोटावर टेकण्याची भानगड नीट समजून घ्या, कारण चिखलात आणि बर्फात इथंच फरक आहे. खालचा बर्फ गाडीच्या वजनानं दाबून घट्ट होतो आणि गाडी त्याच्यावर बसते, चाकावर वजनच राहत नाही. वजन नाही म्हणजे पकड नाही. मग एक्सलेटर दाबला की साध्या डिफरन्शियलमुळं (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) सगळी ताकद ज्या चाकाला पकड नाही त्यालाच जाते, ते गरागरा फिरतं, खालचा बर्फ वितळतो, लगेच परत गोठतो आणि चाकाखाली काचेसारखा थर तयार होतो. म्हणजे जेवढी रेस कराल तेवढी गाडी जास्त अडकणार. होमस्टेचे मालक बाहेर आले आणि त्यांनी पहिली गोष्ट काय केली तर हातानं खूण करून इंजिन बंद करायला लावलं.

इंजिन बंद करण्याचं दुसरं कारण याहून मोठं आहे. बर्फात गाडी मागं बसली तर सायलेन्सरचं तोंड बर्फानं बुजतं आणि धूर बाहेर जायचा सोडून गाडीखालून आत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला झोप आल्यासारखं होतं आणि तो उठत नाही. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी या थंड हवेच्या गावाला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून जास्त माणसं गेली, लहान पोरं पण होती त्यात. हीटरसाठी इंजिन चालू ठेवून काचा बंद करून बसायचं हे कुणीही करू नका. आधी बाहेर उतरा, सायलेन्सर भोवतीचा बर्फ हातभर लांबपर्यंत साफ करा, मग इंजिन, आणि ते पण थोडा वेळ आणि एक काच बोटभर खाली ठेवूनच. बर्फ पडत असेल तर परत परत उतरून बघायचं. बाकी रिव्ह्यू वाचला नाही तरी चालेल पण एवढं घरातल्या सगळ्यांना सांगा.

तर खणायला घेतलं. किटमधलं घडीचं फावडं उघडलं, मानेवरची चकती आवळली आणि टणक बर्फात मारलं की चकती सरकून पातं मिटतंय. परत आवळा, परत मिटतंय. भुसभुशीत ताज्या बर्फात चालेल एखादवेळ, पण लोटून दबलेल्या बर्फात त्याचा काही उपयोग नाही, आणि दांडा एवढा आखूड की गाडीखाली पोचतच नाही. थोड्या वेळानं पात्याचा कोपरा पण वाकला. होमस्टेच्या मालकांनी त्यांचं बर्फ काढायचं लांब दांड्याचं रुंद ॲल्युमिनियमचं फावडं आणलं, त्यानं चाकापुढचा बर्फ भराभर निघाला. पण पोटाखालचा बर्फ फावड्यानं निघत नाही, कारण तिथं उचलून फेकायला जागाच नाही, तो ओढूनच काढावा लागतो.

आणि तिथं कामाला आलं आपलं खोरं. थारमध्ये कायम असतं, लक्ष्मीपुरीतनं घेतलेलं साधं खोरं, दांडा कापून थोडा आखूड केलेला. खाली घोंगडं अंथरलं, त्याच्यावर आडवं पडून खोरं गाडीखाली घालायचं, पातं बर्फात रुतवायचं आणि आपल्याकडं ओढायचं, ढेकळं निघतात एकेक, बाजूला सारायची, परत आत घालायचं. सम्प गार्डच्या (इंजिनखालच्या पत्र्याच्या) खाली, मग मधल्या भागात, मग मागच्या ॲक्सलकडं. लोकर भिजली तरी ऊब धरते त्यामुळं घोंगडं ओलं झालं तरी पाठ गारठली नाही, जाकीट घालून नुसतं बर्फात झोपला असता तर माणूस पाच मिनिटांत बाहेर आला असता. अर्ध्या पोटाखाली दिवस दिसायला लागला तेव्हा गाडी हलकीशी कचकन आवाज करून खाली बसली, म्हणजे चाकांनी वजन घेतलं. हा आवाज येईपर्यंत खणायचं. त्याच्या आधी बोर्ड घालायचा काही उपयोग नाही, दोरी लावायचा तर त्याहून नाही.

आता बोर्ड. चाकाच्या पुढं उतार खणून घ्यायचा, बोर्डाचं टोक टायरच्या खाली शक्य तेवढं आत ठोकायचं आणि दात वरच्या बाजूला. फ्रंट व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या चाकांना. टायरच्या नक्षीत भरलेला बर्फ पण काढायचा, आम्ही स्क्रू ड्रायव्हरनं कोरून काढला. मग दुसरा गिअर, ट्रॅक्शन कंट्रोल बंद, कारण चाक जरा फिरलं की ते इंजिनची ताकदच कापतं आणि इथं थोडं फिरणं लागतं, क्लच हळू आणि एक्सलेटरला नुसता पाय टेकवायचा. चाक बोर्डवर गरागरा फिरवलं तर घर्षणानं नायलॉनचे दात वितळतात, दोन सेकंदांत बोर्ड गुळगुळीत, तुमचे पैसे गेले. आमच्या बोर्डांचे दात अजून नव्यासारखे आहेत. थंडीत वाकले पण तडकले नाहीत, गाडीचं वजन चढल्यावर मधोमध चांगले झुकले आणि गाडी उतरली की परत सरळ. एक तक्रार, बोर्डाला दोरा बांधायला भोक आहे पण दोरा किटमध्ये नाही. बर्फात चाक चढलं की बोर्ड खाली गाडला जातो आणि मग शोधत बसा, म्हणून भडक रंगाची लांब नाडी बांधून ठेवा. आणि चाकाच्या मागं कुणी उभं राहायचं नाही, बोर्ड मागं उडू शकतो.

टायरची हवा पण कमी केली होती. हवा कमी केली की टायर जमिनीवर लांब पसरतो आणि बर्फात कमी रुततो. अठरा पीएसआयच्या (हवेच्या दाबाचं माप) आसपास ठेवली, फार खाली नाही नेली कारण टायर रिमवरनं सुटतो. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, तापमान दर पाच-सहा अंशांनी उतरलं की हवा साधारण एक पीएसआयनं कमी होते. कोल्हापुरात भर उन्हात ३२ भरून निघालेला माणूस उणे पाचला पोचला की थंडीनं हवा आपोआप उतरलेली असते, त्यामुळं गेज लावून बघूनच काढायची. आणि बाहेर आल्यावर परत भरायची, मऊ टायरनं घाटात वेगानं गाडी चालवणं धोक्याचं. कंप्रेसर यासाठीच. बॅटरीला थेट क्लिप लावायचा आहे, लायटर सॉकेटवाला नाही, ते बरं केलंय. पण चार टायर भरता भरता गरम होतो, मधी बंद करून थंड होऊ द्यावा लागतो, आणि पाईप आखूड असल्यामुळं मागच्या चाकाला पोचवायला ओढाताण होते.

दोरी सिस्सूत नावापुरती लागली. बोर्डवर गाडी चढली होती, पुढचा चढ निसरडा होता म्हणून थार लो गिअरमध्ये घालून दोरी आधी ताठ केली आणि नुसता सरळ आधार दिला, हिसका अजिबात नाही, कारण समोर तो बंपरचाच हुक. पिकअपवाला सगळा वेळ थांबून होता बिचारा, त्यानं पण मागनं दोन पोती राख-माती आणून चाकापुढं टाकली.

दोरीची खरी परीक्षा आपल्याच जिल्ह्यात झाली. पावसाळ्यात शिरोळकडच्या एका पाणंदीत दुसऱ्या एका मित्राची जीप काळ्या मातीत ॲक्सलपर्यंत बसली. बर्फ दाबला की घट्ट होतो, काळी माती ओली झाली की चाकाला धरून ठेवते, आत हवा शिरत नाही म्हणून सोडतच नाही. नुसतं ताठ दोरीनं ओढलं तर ओढणारी गाडी जागेवरच चाकं फिरवते. तिथं कायनेटिकचं काम बघायला मिळालं. दोन्ही गाड्यांना चॅसिसचे हुक, दोरीत हातभर ढील ठेवून थार सावकाश पुढं घेतली, दोरी ताणली, ताणली, अजून ताणली आणि जीप पॉक करून मातीतनं सुटली. ड्रायव्हर सीटवर बसून धक्का असा जाणवलाच नाही. चाकापुढचा चिखल मात्र इथं पण आधी खोऱ्यानं काढला होता आणि पाचट टाकलं होतं, ते न करता नुसत्या दोरीवर विसंबलो असतो तर निघाली नसती.

आणि हे आपल्या ऊस पट्ट्यातल्या सगळ्यांसाठी कळकळीनं लिहितोय. सीझनला ट्रॉली अडकली की आपण काय करतो, साखळी नाहीतर जुना वायर रोप घालतो आणि दुसऱ्या ट्रॅक्टरनं हिसके मारतो, बाजूला गावातली पोरं मोबाईल घेऊन उभी. लोखंडी साखळी, वायर रोप किंवा त्याच्या टोकाचा हुक तुटून आला तर समोरच्याचा जीव घेतो. नायलॉनची दोरी पण तुटली तर जोरात उलटी येते, त्यात भर म्हणजे तिला लोखंडी शॅकल असेल तर तो गोळीसारखा जातो, त्यामुळं दोन दोऱ्या कधी लोखंडी शॅकलनं जोडू नका, जिथं जमेल तिथं सॉफ्ट शॅकल वापरा. दोरीच्या मधोमध जाड काहीतरी टाका, आम्ही घोंगडंच टाकतो, तुटली तर ते दोरीला खाली दाबतं. आणि माणसं दोरीच्या लांबीच्या दीडपट लांब, बाजूला सुद्धा नाही. ड्रायव्हर सोडून कुणीही गाडीत नको. थोडं ओरडावं लागतं, वाईटपणा येतो, येऊ दे.

शॅकलबद्दल दुकानदारानं सांगितलेली एक गोष्ट कामाची, लोखंडी शॅकलची पिन पूर्ण आवळून मग पाव आटा उलटी फिरवायची, नाहीतर ताण बसल्यावर ती इतकी घट्ट होते की हातानं सुटत नाही. १९ मिमीचे आहेत, ४.७५ टन वर कोरलेलं आहे, असं वजन कोरलेलं नसेल तो शॅकल घेऊच नका, हार्डवेअरच्या दुकानातला बिननावाचा तर अजिबात नाही.

चिखलात वापरून झाल्यावर दोरी साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायची, मातीचे कण आत राहिले की आतनं धागे कापतात आणि उन्हानं नायलॉन खराब होतं. बॅगेची चेन पहिल्याच चिखलात अडकली, आता ती उघडीच ठेवतो.

परत दुकानात जाऊन फावडं समोर ठेवलं, वाकलेला कोपरा दाखवला. कुरकुर न करता त्याचे पैसे कापून त्या बदल्यात दोन जास्तीचे सॉफ्ट शॅकल दिले आणि पुढच्या किटमध्ये घडीचं फावडं घालणार नाही म्हणाले, लांब दांड्याचं बघतो म्हणाले. तोपर्यंत तुम्ही घेणार असाल तर फावड्याशिवाय किट मागा, सुटं देतात, आणि येताना लक्ष्मीपुरीत थांबून एक चांगलं खोरं घ्या. पातं जाड बघा, दांडा बाभळीचा मिळाला तर उत्तम, आणि गाडीत मावेल एवढा तिथंच कापून घ्या.